बारीक आवाज

रस्ता रुंद करायचं काम निघालं त्याला चार महिने झाले होते, आणि या चार महिन्यांत धुळीशिवाय कुणाच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. खडीचे डंपर दिवसभर ये-जा करायचे. वाळलेले कपडे आधी झटकायचे, मग घडी घालायची आणि अंगावर चढवताना पुन्हा झटकायचे, अशी सवयच पडून गेली होती. मिस्त्रीच्या गॅरेजला मात्र धुळीनं बरे दिवस दाखवले. येईल त्या गाडीचा एअर फिल्टर काढून आपटला की मूठभर माती पडायची. मिस्त्री ती गाडीवाल्यासमोर धरून म्हणायचा, "ही घ्या तुमची जमीन."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा त्याची बायकोही हसली होती. चाळिसाव्यांदा ऐकलं तेव्हा ती मान खाली घालून शिवत राहिली.

ती गाड्यांची सीट कव्हरं शिवायची. पुढं पत्र्याची शेड, शेडला लागून तिची शिवणाची खोली, मागं स्वयंपाकघर आणि त्यामागं परस. शेड आणि खोली यांच्यात दार नव्हतं, नुसती चौकट होती. त्यामुळं तीस वर्षं गॅरेजचा सगळा आवाज तिच्या मांडीवर येऊन पडत होता. रेक्झिनच्या चार घड्यांतून सुई काढताना मशीनही कमी ओरडत नसे. त्यात धाकटा दीर. चाळिशी गाठलेला, बिनलग्नाचा, पान्हे चालवण्यात तरबेज आणि तोंड चालवण्यात त्याहून. तो कानात बोलायला लागला तरी रस्त्यापलीकडच्या माणसाला ऐकू जायचं.

या सगळ्या गोंगाटात एक नियम होता. मिस्त्री हातभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायचा आणि डावा हात वर करायचा. हात वर गेला की सगळं बंद. दिराची हातोडी बंद, कॉम्प्रेसर बंद, बायकोचा पाय मशीनवरून खाली. गाडीवाल्यानं तोंड उघडलं तर दीर त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला गप्प करायचा. मिस्त्री डोळे मिटून ऐकायचा आणि मग सांगायचा, तिसरा व्हॉल्व्ह, किंवा पाण्याच्या पंपाचं बेअरिंग. तेच निघायचं. पंचक्रोशीत त्याच्या कानाचा दबदबा होता, आणि खरं सांगायचं तर घरालाही त्याचा अभिमान होता. बायको बोलून दाखवायची नाही, एवढंच.

नर्सबाईची गाडी पहिल्यांदा आली ती सोमवारी.

नर्सबाई डोंगरातल्या वस्त्यांवर लसी द्यायला जायची. मागच्या सीटवर बर्फाची पेटी, पुढच्या सीटवर वह्या. खोलीभर रडणाऱ्या पोरांच्या डोक्यावरून आयांना सूचना द्यायची सवय असल्यामुळं तिचा आवाज चांगला खणखणीत होता.

"निघताना अडखळते," ती मिस्त्रीसमोर उभी राहून म्हणाली. "थांबलेली गाडी पुढं काढायला पाय दिला की आधी मान टाकते. मग एकदम उडी मारते. वेग धरला की काही नाही. चढसुद्धा नीट चढते."

"धूळ," मिस्त्री म्हणाला.

"काल मोठा रस्ता ओलांडताना मधोमध मान टाकली तिनं. समोरून डंपर. त्यानं ब्रेक दाबला म्हणून आज मी तुमच्यासमोर उभी आहे."

तिनं हे हसत सांगितलं, पण सांगताना गाडीची किल्ली घट्ट मुठीत धरली होती. मिस्त्रीच्या बायकोनं ती मूठ पाहिली. या नर्सबाईनं तिच्या बहिणीच्या दोन्ही मुलांना टोचलं होतं.

मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, स्क्रू-ड्रायव्हर लावला, हात वर केला. सगळं थांबलं. त्या शांततेत बायकोला इंजिनाची घरघर ऐकू आली आणि घरघरीच्या वर एक बारीक आवाज. सूं. सायकलच्या ट्यूबला सुईएवढं भोक पडल्यावर येतो तसा, न थांबणारा. तिला वाटलं, आता मिस्त्री त्याबद्दल काहीतरी बोलेल.

"इंजिन ठणठणीत आहे," मिस्त्री म्हणाला. "फिल्टर तुंबलाय." माती निघाली, जमिनीचा विनोद झाला, नर्सबाई गेली.

गुरुवारी ती परत आली. अडखळणं तसंच होतं. शिवाय ब्रेक जड झाला होता. पूर्वी नुसता पाय ठेवला की पुरायचं, आता रेटून दाबावा लागत होता. मिस्त्रीनं प्लग बदलले, पेट्रोलचा फिल्टर बदलला. दिरानं चारही चाकं उतरवून ब्रेक साफ केले. "ब्रेकमध्येपण धूळच," मिस्त्री म्हणाला. मग पुन्हा स्क्रू-ड्रायव्हर, पुन्हा वर गेलेला हात. पुन्हा तीच शांतता आणि तीच सूं. मिस्त्रीनं मान डोलावली. आवाज ऐकून त्याला काही विशेष वाटलं नाही, म्हणजे तो आवाज बिनकामाचा असणार, असं बायकोनं धरलं. दिवसभर सीट कव्हर शिवणाऱ्या बाईनं इंजिनाबद्दल मिस्त्रीला शिकवावं असं काही नव्हतं.

रात्री जेवताना विचारावं असं तिच्या मनात आलं होतं. पण तिनं विचारलं नाही, आणि त्याचं कारण गाडी नव्हती.

दोन वर्षं झाली, मिस्त्री तिच्या बोलण्याला उत्तर देईनासा झाला होता. ती स्वयंपाकघरातून हाक मारायची, हा जागचा हलायचा नाही. ती मशीनवरून काही सांगायची, हा तिच्याकडं पाठ करून पान्हा पुसत राहायचा. भावाशी मात्र धडधडीत गप्पा. येणाऱ्या गाडीवाल्यांशी हसणं-खिदळणं. सुरुवातीला तिला राग आला. मग तिनं आपलं काय चुकलं ते शोधून पाहिलं, आणि काही सापडेना तेव्हा तिला खरं वाईट वाटलं. माणूस कंटाळतो बायकोला, असं तिनं ऐकलं होतं. आपल्या घरात तसं होईल असं वाटलं नव्हतं. मग तिनं बोलणं आखडतं घेतलं. जेवायला बोलवायचं झालं की डाव ताटावर आपटायची. त्यावर तो यायचा, आणि पाटावर बसता बसता म्हणायचा, "रोज कसली ही आपटाआपट?"

परसाच्या दाराची कडी सैल झाली होती. तेही तिनं सांगून पाहिलं होतं. शेवटी तिनं रेक्झिनची एक चिंधी घेतली आणि दार चौकटीला बांधून टाकलं.

पुढच्या सोमवारी नर्सबाई सकाळीच आली. बर्फाची पेटी मागं होती. डोंगरावर निघतानाच ती वाटेत थांबली होती. या वेळी ती हसली नाही.

"मिस्त्री, तसंच आहे सगळं. मला नवीन गॅरेजात जा म्हणतायत लोक. तिथं कॉम्प्युटर लावून बघतात म्हणे."

दिरानं मान फिरवली. मिस्त्रीनं स्क्रू-ड्रायव्हर घेतला. या वेळी तो फार वेळ ऐकत राहिला. टोक इंजिनावर चार जागी लावलं, पाच जागी लावलं. डावा हात वर होता, तो अवघडून खाली येऊ लागला तसा पुन्हा वर केला. बायको चौकटीतून पाहत होती. त्याच्या मानेवर घाम आला होता आणि धुळीतून त्याची एक रेघ खाली उतरत होती. सूं चालूच होती. आज तर जरा मोठीच.

त्यानं डोळे उघडले. "आता ठीक आहे. मागचं पेट्रोल खराब असणार. पुढच्या पंपावर चांगलं भरून घ्या."

मग तो स्क्रू-ड्रायव्हर पुसत बसला. स्वच्छ होता, तरी पुसत बसला. हा माणूस अंदाजानं बोलतोय हे बायकोला त्या पुसण्यातून कळलं. तीस वर्षांत तिनं त्याला चुकताना पाहिलं होतं, पण अंदाज सांगताना कधी पाहिलं नव्हतं.

नर्सबाईची गाडी शेडमधून निघताना एकदा मान टाकून, उडी मारून रस्त्याला लागली.

"अहो, ती सूं सूं कसली होती?" बायकोनं चौकटीतून विचारलं.

मिस्त्री पाठमोरा होता. हलला नाही. नेहमीचंच. ती परत फिरली, मशीनपाशी आलीसुद्धा. रेक्झिन हातात घेतलं आणि खाली ठेवलं. स्वतःसाठी तिनं पुन्हा विचारलं नसतं. पण किल्लीवरची ती मूठ तिच्या डोळ्यांसमोरून जाईना. ती शेडमध्ये गेली आणि वळसा घालून मिस्त्रीच्या समोर उभी राहिली.

"त्या गाडीतून सूं सूं येत होतं, ते कसलं?"

"कसलं सूं सूं?"

"अरे, ते होय," दीर गाडीखालून बाहेर येत म्हणाला. "ते पहिल्या दिवसापासून आहे की."

मिस्त्रीनं एकदा बायकोकडं पाहिलं, एकदा भावाकडं. "मग बोलला का नाहीस?"

"तू कान लावलास की बोलायचं नसतं ना, दादा. तुला ऐकू येतच असणार."

"येतंच," मिस्त्री म्हणाला. "सगळ्या गाड्यांना असतं ते." त्यानं पान्हा उचलला आणि कामाला लागला. त्याचे कान लाल झाले होते. बायको जागची हलली नाही. दोन आटे पिळून झाल्यावर त्यानं वर न बघता विचारलं, "कसं होतं?"

"ट्यूबमधून हवा जाते तसं. गाडी उभी असताना जास्त. वेग दिला की कमी."

त्याचा हात थांबला. तो मनातल्या मनात एकेक गोष्ट जुळवतोय हे तिला दिसत होतं. निघताना अडखळते, चढावर काही नाही, ब्रेक जड. पेट्रोल तुंबलं असतं तर चढावर आधी कळलं असतं. एवढी साधी गोष्ट.

"ब्रेकचा पाइप," तो हळूच म्हणाला. "इंजिन त्या पाइपातून हवा ओढतं, त्या ओढीवर ब्रेक हलका राहतो. पाइप फुटला की उगाचची हवा इंजिनात जाते आणि गाडी निघताना गुदमरते. आणि पुरता फुटला तर..." त्यानं डोंगराकडं पाहिलं. चढताना काही झालं नसतं. उतरायचं होतं दुपारी.

दिरानं फोन लावला. वाजत राहिला. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हा नर्सबाईचा नियम.

मिस्त्रीनं पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर, सुरी आणि पक्कड टाकली. दीर स्कूटरला किक मारून तयार होता.

"तू नको," मिस्त्री त्याला म्हणाला. "तुला ऐकू आलं आणि तू बोलला नाहीस. हिला येऊ दे."

बोलला तर तीही नव्हती, तीन वेळा नव्हती. पण हे सांगत बसायची ती वेळ नव्हती. ती मागं बसली. मधे खड्डे, बाजूला खडीचे ढीग, डंपर गेला की पाच-सात श्वास काहीच दिसायचं नाही. मिस्त्रीनं रुमाल बांधला नव्हता. ती त्याच्या खांद्याला धरून बसली होती आणि तो खांदा दगडासारखा ताठ होता. नर्सबाई मोठा रस्ता ओलांडून गेली असेल तर पुढं घाटाला तीन फाटे होते. कुठला धरायचा, देव जाणे.

नर्सबाई गेली नव्हती. मोठ्या रस्त्याच्या अलीकडं, कडेला, काचा वर करून तिची गाडी उभी होती. इंजिन चालू. दोन्ही बाजूंनी रस्ता पार मोकळा झाल्याशिवाय पाय द्यायचा नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि रस्ता मोकळा होतच नव्हता. वीस मिनिटं ती तिथं बसून होती. मिस्त्रीनं काचेवर टकटक केली तेव्हा ती दचकली.

"बॉनेट उघडा," तो म्हणाला. "इंजिन बंद करू नका."

स्क्रू-ड्रायव्हर पिशवीतच राहिला. तो बाजूला झाला आणि बायकोला म्हणाला, "सांग, कुठं आहे."

तिनं पदर खोचला आणि वाकली. इंजिनाची गरम वाफ तोंडावर आली. मागून डंपर गेला, काही कळेना. दुसरा गेला. मधे थोडी उसंत मिळाली तशी ती पुढं सरकली आणि डोकं तिरपं करून ऐकू लागली. पट्ट्याजवळ कमी. मधे कमी. मागच्या भिंतीकडं जास्त. मशीनचा टाका सुटायला लागला की नेमका कुठल्या दातात अडतोय ते ती असंच शोधायची. एका जाड काळ्या रबरी पाइपाच्या टोकाशी तिनं बोट नेलं.

"इथं. खालच्या अंगाला."

मिस्त्रीनं तिच्या बोटामागून हात घातला आणि पाइपाच्या पोटाला अंगठा दाबला. इंजिनाची थरथर एकदम बसली. ते मात्र त्याला कळलं, हाताला कळलं. त्यानं अंगठा काढला, थरथर सुरू. दाबला, बंद. तीनदा त्यानं तसं केलं. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते तिला नीट सांगता आलं नसतं. आनंद होता, आणि लाज होती, आणि दोन्ही एकाच वेळी होतं.

इंजिन बंद करून त्यानं पाइप ओढून काढला. क्लिपखाली नखाएवढी चीर होती, वरून न दिसणारी. त्यानं तेवढा तुकडा सुरीनं कापला. उरलेला पाइप पुरत होता. तो ताणून बसवला आणि क्लिप आवळली. मग स्वतः गाडीत बसून ब्रेक दाबून पाहिला. हलका झाला होता.

"आत्तापुरतं झालं. येताना थांबा, नवीन पाइप घालतो."

"आवाज तर मलाही येत होता," नर्सबाई म्हणाली. "सांगणार होते. पण तुमच्याकडं तेव्हा बोलू देत नाहीत."

मिस्त्री हात पुसत होता. तो काहीतरी सांगून वेळ मारून नेईल असं बायकोला वाटलं. मघाशी नेलीच होती.

"मला तो आला नाही," तो म्हणाला. "तिन्ही वेळा नाही आला."

नर्सबाईनं त्याच्याकडं जरा निरखून पाहिलं. "हातोडीच्या शेजारी किती वर्षं काढलीत?"

"पस्तीस."

"मग बारीक आवाज आधी जातात. ठोके, घरघर, पुरुषांचं बोलणं, ते येत राहतं, म्हणून माणसाला कळत नाही. पाखरं जातात. कुकरची शिट्टी जाते. बायकांचं बोलणं जातं, हळू आवाजात बोलणाऱ्यांचं तर आधीच." तिनं घड्याळ पाहिलं. "बुधवारी दवाखान्यात या. कान तपासणारे डॉक्टर येतात. बर्फ वितळायच्या आत मला पोचलं पाहिजे."

ती गाडीत बसली. दोन डंपरांमध्ये थोडी जागा मिळाली तशी तिनं पाय दिला. गाडी न अडखळता सरळ रस्ता ओलांडून गेली आणि घाटाला लागली.

मिस्त्रीची बायको रस्त्याच्या कडेला उभी होती. गाडीकडं तिचं लक्ष नव्हतं. दोन वर्षं, ती मनात म्हणत होती. दोन वर्षं मी या माणसावर रुसून बसले होते. तिला रडू येईल असं वाटलं, आणि हसूही येईल असं वाटलं. धूळ डोळ्यांत गेल्याचं निमित्त करून तिनं पदरानं तोंड पुसलं. परत येताना दोघं बोलले नाहीत. स्कूटरवर मागून बोललेलं त्याला तसंही ऐकू गेलं नसतं, हे आता तिला ठाऊक होतं.

घरी आल्यावर तिनं हातपाय धुतले आणि स्वयंपाकघरातून सवयीनं विचारलं, "चहा ठेवू का?" शेडमधून उत्तर नाही. तिचा हात डावाकडं गेला. तो तिनं मागं घेतला, शेडमध्ये गेली आणि मिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवला. तो वळला.

"चहा ठेवू का?"

"ठेव." ती जायला वळली तसं तो म्हणाला, "थांब जरा." त्यानं हातातलं फडकं बाजूला ठेवलं. "ते ताट आपटायचीस, ते..."

"बोलवायला."

"मला वाटायचं रागानं."

"तेही होतं."

समोर दीर नट निवडत बसला होता. तो एकदम उठला आणि आपल्याला बाहेर काम असल्याचं सगळ्या आळीला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात सांगून निघून गेला.

"काय काय बोललीस या दोन वर्षांत?" मिस्त्रीनं विचारलं.

"बरंच."

"मग सांग की."

"सगळं?"

"सगळं. समोर बसून सांग."

ती स्टुलावर बसली. कुठून सुरुवात करावी ते तिला कळेना. गुडघा दुखत होता त्याबद्दल, बहिणीच्या घरच्या कटकटींबद्दल, एकदा रात्री तिनं सरळ विचारलं होतं की मी नकोशी झाले का, त्याबद्दल. ते आत्ता नको. ते नंतर सांगू.

"परसाच्या दाराची कडी सैल झालीय," ती म्हणाली. "दीड वर्ष झालं. चारदा सांगितलं. पाचव्यांदा चिंधी बांधली."

"ती चिंधी त्यासाठी होय?" मिस्त्री म्हणाला. "मला वाटलं, तुझं काहीतरी शिवणाचं असेल."

त्यानं पिशवीतून लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि मागं गेला. ती मागोमाग गेली. त्यानं चिंधी सोडली, कडीचा पहिला स्क्रू बोटांनी चाचपला आणि त्यावर टोक बसवलं. मग दाराकडं पाठ करून, हात मागं ठेवून, तो उभा राहिला. न बघता स्क्रू पिळायला त्याला काहीच अडचण नव्हती. त्याचे डोळे तिच्या तोंडाकडं होते.

"हं," तो म्हणाला. "पुढचं सांग."